बोलता येतं, सबब नामंजूर

डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना मी जीवशास्त्र शिकवत होते. हैदराबादेत ज्या गल्लीत वळाल तिथे कोचिंगची पाटी असते, तसल्याच एका इन्स्टिट्यूटमध्ये. वर्गात शंभराच्या वर मुलं, डोक्यावर घरघरणारे पंखे, खिडकीखाली बसचे हॉर्न, आणि या सगळ्यांच्या वर माझा आवाज. माइक मी कधी घेतला नाही. माइक धरून शिकवणारे मास्तर मला लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांसारखे वाटायचे.

आमच्या घरात सगळ्यांचेच आवाज मोठे. आम्ही जुन्या निजामी मुलखातले शेतीवाले. आजोबांच्या वेळेला नोकरीसाठी शहरात आलो आणि इथलेच झालो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, भांडायला दखनी. नवरा मात्र पुण्याचा. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून हैदराबादला आला. तो इतका हळू बोलतो की पहिल्या भेटीत त्याने लग्नाला होकार दिला तो मला ऐकूच आला नाही. मी घरी येऊन सांगितलं, पोरगा बरा आहे, पण काही बोलला नाही.

दोघांच्या कमाईवर आम्ही मलकपेठला फ्लॅट घेतला. पाचवा मजला. बाल्कनीच्या एका कोपऱ्यात उभं राहून मान वाकडी केली की रेसकोर्सची हिरवळ दिसायची, आणि त्या मान वाकडी करण्याचे बिल्डरने वेगळे पैसे लावले होते. कर्जाच्या सह्या करायला बँकेत गेलो, तर टेबलाच्या त्या बाजूला एक चटपटीत बाई बसली होती. तिचं काम विमा विकायचं. कर्ज देणारा माणूस आमच्याकडे बघतही नव्हता. ती मात्र आमचं लग्न ठरवायला आल्यासारखी हसत होती.

"मॅडम, लोन सुरक्षा घेऊन टाका," ती म्हणाली. "कुछ भी हो गया तो घर आपका."

"कुछ भी म्हणजे काय काय?" मी विचारलं.

"डेथ. डिसॅबिलिटी. बडी बीमारी. सब, मॅडम."

"माझा आवाज गेला तर? मी आवाजावर पोट भरते."

ती खळखळून हसली. "आपका आवाज? वो तो बाहर के काउंटर तक जा रा!" मग तिने कागदावर एका ओळीवर नखाने टिचकी मारली. वाचा जाणे. हातपाय जाणे, डोळे जाणे, यांच्या खाली तेही लिहिलेलं होतं. मी समाधानाने मान हलवली. विचारायचा तो प्रश्न मी विचारला होता, आणि उत्तर छापील मिळालं होतं. विम्याची किंमत कर्जातच मिळवली गेली, म्हणजे विम्यावरही आम्ही व्याज भरणार होतो. हे तिने सांगितलं नाही. नवऱ्याने घरी येऊन हिशेब केला तेव्हा कळलं. तो म्हणाला, "जाऊ दे. झोप तरी शांत लागेल." त्याला झोप नेहमीच शांत लागते.

पुढे काही वर्षांनी माझ्या गळ्यात गाठ आली. थायरॉइडची, साधी, पण वाढत चाललेली. काढायला लागणार होती. सर्जनने आधीच बजावलं की आवाजाची नस तिथूनच जाते, आम्ही सांभाळतो, पण कधी कधी दुखावते. मला त्याच्याबद्दल तक्रार नाही. ती नस मी दरवर्षी फळ्यावर काढायचे. ती किती बारीक आणि किती अवघड जागी असते हे मला त्याने सांगायची गरज नव्हती.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले आणि पाणी मागायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. मला वाटलं घसा कोरडा आहे. पाणी प्यायले. परत हवा. नवरा वाकून म्हणाला, "काय म्हणतेस?" आणि मी पहिल्यांदा त्याच्यापेक्षा हळू बोलत होते.

नळी घालून घशात बघितल्यावर डॉक्टर म्हणाले, एक स्वरतंतू हलतोय, दुसरा थिजलाय. दोन्ही जवळ आले तर आवाज होतो. एक जागचा हललाच नाही तर मधून हवा निसटते. काही महिने वाट बघा, नस कधी कधी परत येते. मी वाट बघितली. कुजबुज येऊ लागली, त्यापुढे काही नाही. दोन वाक्यं बोलले की जिने चढून आल्यासारखी धाप लागायची.

मग ज्याला त्याला माइकची आठवण आली. इन्स्टिट्यूटच्या मालकांनी माझ्या कॉलरला छोटा माइक लावला आणि मोठ्या उदारपणाने म्हणाले, "आता काय प्रॉब्लेम, मॅडम?" मी वर्गात उभी राहिले. स्पीकरमधून माझा श्वास बाहेर पडला. शब्द कमी, वाराच जास्त. मागच्या बाकावर कोणी तरी हसलं आणि पुढच्या बाकावरच्या मुलींनी वळून त्याला गप्प केलं. हसणं मला चाललं असतं. त्या मुलींची दया चालली नाही. पेशीच्या भिंतीपर्यंत पोचले आणि धाप लागून खुर्चीत बसले. पुढच्या आठवड्यात मालकांनी मला शाल घातली, फळांची टोपली दिली आणि म्हणाले, "आराम करा. ये आपकाच घर है." तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाला आराम करा म्हणजे काय, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ती शाल मी भांडी घासणाऱ्या बाईला देणार होते. तीही म्हणाली, अम्मा, ही टोचते.

आता हप्ता एका पगारातून जायचा होता. तेव्हा नवऱ्याला विमा आठवला. अंगात बळ आल्यासारखा तो कपाटावर चढला आणि फाइल काढली. माझा चुलतभाऊ नामपल्लीच्या कोर्टात वकिली करतो, त्याला बोलावलं. तो आला, चहा प्याला, चष्मा वर सरकवून कागद वाचत राहिला. मग म्हणाला, "ताई, बँकेतल्या बाईने तुला मथळा दाखवला. व्याख्या पुढच्या पानांवर आहे."

व्याख्या अशी होती: वाचा पूर्णपणे आणि कायमची गेलेली पाहिजे, बोलण्याची क्षमता अजिबात उरलेली नको, आणि ही अवस्था सलग वर्षभर टिकलेली पाहिजे. अपंगत्वाचं कलम वेगळं होतं, पण ते अपंगत्व अपघातानेच यायला हवं. ऑपरेशन म्हणजे अपघात नव्हे.

मी ती यादी परत परत वाचली. दोन हात, दोन पाय, दोन डोळे, एक हात आणि एक पाय. खाटकाच्या दुकानात टांगून ठेवल्यासारखे अवयव. माझं काम त्यात कुठेच नव्हतं. उद्या अपघातात माझे दोन्ही पाय गेले असते, तर यांनी कर्ज फेडून टाकलं असतं, आणि मी महिन्या-दोन महिन्यांत चाकाच्या खुर्चीत बसून तेच जीवशास्त्र त्याच आवाजात शिकवलं असतं. पाय धडधाकट आहेत, चालत वर्गापर्यंत जाता येतं, आणि तिथे जाऊन करण्यासारखं काही नाही, त्याला मात्र पैसे नाहीत. हे लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी पोटासाठी काम केलंय का, असा मला प्रश्न पडला. माणूस पाय विकत नाही हो. डोळे विकत नाही. माणूस काम विकतो. ते गेलं की घर जातं. आणि या लोकांनी घराच्या नावाने विमा विकून पायांची मोजदाद ठेवली.

चुलतभाऊ मला कुजबुजत शिव्या देऊ देत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "ते सोड. त्यांचा माणूस चौकशीला येईल. त्या दिवशी तू तोंडच उघडू नको. बस."

"म्हणजे मुकीचं सोंग घेऊ?"

"सोंग कायको? तुला बोलता येतंय का?"

"कुजबुजता येतं."

"कुजबुजणं म्हणजे बोलणं का, ते कोर्ट ठरवेल. तू ठरवू नको."

वर्ष पुरं होत आलं होतं. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी हो म्हटलं. त्या बघण्यात सगळं होतं, हप्ता, रेसकोर्सची हिरवळ, आणि तो रात्री जास्तीचं काम घेऊन जागत होता ते.

दोन दिवस मी सराव केला. कुकरच्या शिट्ट्या मोजून बोटं दाखवली. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, तर नवऱ्याने खुणेनेच मला बोलू नकोस म्हटलं आणि त्यांना सांगितलं की ती आराम करतेय. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, जरा शांतता लाभेल तुम्हाला." फोन स्पीकरवर होता. मी तेही गिळलं.

चौकशीला आलेला माणूस सभ्य होता. चपला बाहेर काढून आला, पाणी मागितलं, आईच्या वयाची नसतानाही मला अम्मा म्हणाला. चुलतभाऊ मुद्दामच आला नव्हता. वकील दिसला की संशय येतो म्हणे. नवरा समोर बसला आणि आपल्या त्या पुणेरी हळू आवाजात म्हणाला, "शी इज नॉट एबल टू स्पीक." मी मांडीवर हात ठेवून बसले. लग्नात बसवलेल्या नवरीसारखी.

त्या माणसाने रिपोर्ट चाळले. मग समजूतदारपणे मान हलवत म्हणाला, "थायरॉइड निकाल दिए ना, सर. तो हार्मोन बंद. हार्मोन नहीं तो आवाज नहीं. मेरी सिस्टर का भी वैसाच हुआ था. गोली खाते ही आ गया." आणि तो ते लिहू लागला. कारण: हार्मोनची कमतरता.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने डोळ्यांनी विनवणी केली. मी खिडकीकडे बघितलं. पेनाचा आवाज येत होता. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने पेपरात असं लिहिलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. आणि हा माणूस माझ्या घरात, माझ्याच गळ्याबद्दल, हे लिहून घेऊन चालला होता.

"हार्मोनचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "नस आहे ती."

पेन थांबलं. मी थांबले नाही. ही नस मेंदूकडून निघते ती थेट घशाकडे जात नाही, डाव्या बाजूची खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीखालून वळसा घेते आणि परत वर येते, म्हणूनच ती सापडायला अवघड, आणि थायरॉइडच्या मागे चिकटूनच असते, आणि एका बाजूची दुखावली की तो एकच स्वरतंतू थिजतो. मी हवेत बोटाने धमनी काढली, वळसा काढला. तीनदा धाप लागली, तीनदा थांबले, परत सुरू केलं. त्याला समजलं की नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून ताडत होते, सवयीने. समजलं होतं. चांगला विद्यार्थी होता.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "आप तो बोल रे."

नवऱ्याने कपाळाला हात लावला.

पत्र इंग्रजीत आलं, लांबलचक, आदरपूर्वक. त्याचा मराठीत अर्थ इतकाच होता: बोलता येतं, सबब नामंजूर. नवरा ते हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "अर्धा तास! अर्धा तास गप्प बसायचं होतं फक्त!"

"आणि पुढे जन्मभर?" मी म्हटलं. "दुधवाल्याशी, शेजारणीशी, तुझ्याशी? विमेवाले कॅमेरा घेऊन येतील म्हणून खुणा करत फिरू?"

त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. भांडायला आवाज लागतो. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. दोन दिवस आम्ही दोघंही मुके होतो, आणि त्याचे कोणी पैसे देणार नव्हतं.

चुलतभावाने कागद परत नीट बघितले आणि सांगितलं की मी गप्प बसले असते तरी उपयोग नव्हता. घशाच्या डॉक्टरांनी रिपोर्टात स्वच्छ लिहिलं होतं, आवाज क्षीण, पण आहे. "मग मला मुकी कशाला बसवलंस?" मी विचारलं. "ट्राय करायला काय जातंय, ताई?" तो म्हणाला. काय जातंय! ज्याचं जात नाही तो हेच म्हणतो. पुढे तक्रारी लिहिल्या, उत्तरं आली, प्रत्येक उत्तरात तेच कलम. तक्रार निकालात निघाल्यावर कंपनीकडून एक यांत्रिक फोन आला. आमच्या सेवेबद्दल आपलं मत बीप वाजल्यावर बोलून सांगा. मी सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं. यंत्र म्हणालं, माफ करा, आपला आवाज ऐकू आला नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा माफ करा. मी नवऱ्याला बोलावून फोन त्याच्या कानाला लावला. बिचाऱ्याने तो ऐकला आणि मग पोट धरधरून हसला. त्या हसण्यावर आमचं भांडण मिटलं.

फ्लॅट विकला नाही. भाड्याने दिला आणि आम्ही नल्लकुंट्यात एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर लहान जागा घेतली. आमच्या हिरवळीकडे आता एक दुसरंच जोडपं मान वाकडी करून बघतं. पुढे घशात एक छोटं ऑपरेशन करून थिजलेला तंतू मधे सरकवून घेतला. आता आवाज येतो, घोगरा, एका खोलीपुरता. इन्स्टिट्यूटसाठी मी घरी बसून प्रश्न काढते. ज्यांना मी शिकवत होते त्यांना आता फक्त अडवते. पैसे पूर्वीच्या मानाने किरकोळ.

या काळात नातेवाइकांनी आपापला शहाणपणा आणून ओतला. मोठे दीर पुण्याहून म्हणाले, "मी म्हणतच होतो, विमा म्हणजे फसवणूक. तेवढे पैसे बाजूला टाकले असते तर?" तेवढे पैसे बाजूला टाकले असते तर त्यातून हप्त्याचे चार-पाच महिने निघाले असते, फार तर. ज्याची दोन घरं आहेत आणि कर्ज एकाचंही नाही, त्याने कर्जवाल्याला विम्याची गरज नाही असं सांगावं, हे मला विमेवाल्यांइतकंच संतापजनक वाटतं. विमा नकोच हा त्याचा निष्कर्ष आणि कुछ भी हो गया तो घर आपका हे बँकेतल्या बाईचं आश्वासन, दोन्ही न वाचता केलेली विधानं.

मी मात्र वाचायला लागले होते. आवाज नव्हता, वेळ होता. पेपर तपासतात तसे लाल पेन घेऊन वेगवेगळ्या पॉलिसींचे मजकूर तपासले. बहुतेक नापास. शेवटी नवऱ्याच्याच कंपनीत एक योजना सापडली, कर्मचाऱ्यांनी थोडे पैसे भरून घ्यायची. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं की आजाराने किंवा अपघाताने माणूस त्याचं स्वतःचं नेहमीचं काम करू शकत नसेल, तर पगाराचा काही भाग दरमहा मिळेल, काही वर्षं. स्वतःचं काम. पायांचा हिशेब नाही. ती कुणी विकायला आलं नव्हतं, कारण ती विकून कुणाला काही मिळत नाही. नवऱ्याच्या ऑफिसच्या मेलमध्ये ती दरवर्षी यायची आणि तो दरवर्षी ती न उघडता पुसून टाकायचा.

"घे," मी म्हटलं.

"परत विमा?" तो म्हणाला. "तुला एवढं झाल्यावर?"

"मला झालं म्हणूनच. मला विमा मिळाला नाही, कारण तो विमा नव्हताच. हा आहे. तुझे डोळे किंवा मनगट गेलं तर हप्ता कोण भरणार? मी? प्रश्नपत्रिका काढून?"

त्याने माझ्यासमोर बसून पूर्ण मजकूर वाचला, मोठ्याने, म्हणजे त्याच्या मानाने मोठ्याने. एका ठिकाणी अडला, मी समजावून सांगितलं. मग घेतला. पहिल्या महिन्याची कपात पगारातून गेली तेव्हा पावती दाखवून म्हणाला, "आता झोप तरी शांत लागेल," आणि माझ्या तोंडाकडे बघून लगेच म्हणाला, "नाही, तसं नाही म्हणत."

मलकपेठच्या इमारतीत आमची गोष्ट सगळ्यांना माहीत झालीय. भाडं घ्यायला गेले की कोणी ना कोणी लिफ्टपाशी थांबवतं. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "लोनसोबत विमा देतायत. घ्यावा का हो?" मी म्हटलं, व्याख्या वाचा, तुमचं काम जातं तेव्हा पैसे देतात की तुमचा पाय जातो तेव्हा, तेवढं एकच बघा. काम लिहिलेलं असेल तर खुशाल घ्या, थोडा महाग पडला तरी. पाय लिहिलेला असेल तर उठून या. त्या बारकाईने ऐकत होत्या, हळू आवाजाची माणसं बोलली की लोक ऐकतात तसं. "हौ, बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

मग म्हणाल्या की सही तर काल झाली. बँकेतली मुलगी फार गोड बोलते म्हणे.